चारशे मायक्रॉनची रेघ

"मावशी, टॉवरच्या घड्याळाला मला पाच काटे दिसतात."

भाच्याचा फोन आला तेव्हा तो टावर चौकातच उभा होता. उज्जैनच्या फ्रीगंजात, या चौकापासून चालत पाच मिनिटांवर माझी थोरली बहीण राहते. तिचं सासर तीन पिढ्या तिथलंच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर माळव्याची हिंदी. भाचा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घड्याळाच्या काट्यांना जोडकाटे दिसतात, रस्त्यावरच्या दिव्याला खाली शेपूट फुटतं, समोरून येणाऱ्या स्कूटरचा एक दिवा तीन-चार होऊन अंगावर येतो, हे सगळं तो कित्येक महिने मुकाट सोसत होता. दोन वर्षांत चष्मा चारदा बदलला. दर वेळी तिरपा नंबर वाढलेला आणि दर वेळी नव्या चष्म्यातूनही फळ्यावरचं धूसरच. शेवटी मोठ्या तपासणीत केराटोकोनस निघाला आणि ताईच्या हाती एका वाक्याचा निकाल पडला : "कॉर्निया पातळ आहे, आता काही करता येणार नाही." त्या रात्री ती जेवली नाही.

हे प्रकरण त्या वाक्यासाठी लिहिते आहे. ते वाक्य अनेक घरांत ऐकवलं जातं आणि बहुतेक वेळा ते अर्धवट असतं. पातळ म्हणजे नेमकं कुठे पातळ, किती पातळ, आणि अजून पातळ होत चाललंय की थांबलंय, या तीन प्रश्नांची उत्तरं हाती येईपर्यंत 'काही करता येणार नाही' असं म्हणू नये. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नेमक्या याच पातळ डोळ्यांसाठी जेवढे रस्ते निघाले, तेवढे आधीच्या दीडशे वर्षांत निघाले नव्हते, आणि त्यातले दोन महत्त्वाचे रस्ते चेन्नईतून निघाले आहेत.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. बोलताना आपण डोळ्याच्या काळ्या भागाला सरसकट बुबुळ म्हणतो, आणि प्रत्यारोपणालाही 'बुबुळ बसवलं' म्हणतो. प्रत्यक्षात त्या काळ्या-तपकिरी पडद्याच्या पुढे मनगटी घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक, फुगीर काच असते. ती कॉर्निया. पुस्तकी मराठीत पारपटल. 'डोळ्यात फूल पडलं' असं जुनी माणसं म्हणतात, ते फूल या काचेवरच पडतं. डोळ्याच्या सुमारे साठ डायॉप्टर शक्तीपैकी त्रेचाळीसच्या आसपास शक्ती एकट्या या काचेच्या वळणातून येते. म्हणून तिचा आकार जरा बिघडला तरी जग विस्कटतं.

तिची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. सर्वांत पुढे पन्नासेक मायक्रॉनची त्वचा असते. ती खरवडली तरी चार-पाच दिवसांत पुन्हा येते. तिच्यामागे बोमनचा थर, आणि मग नव्वद टक्के जाडी व्यापणारा गाभा, म्हणजे स्ट्रोमा. त्यात कोलॅजनच्या धाग्यांचे दोनशेहून अधिक पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. अगदी मागे डेसेमेटचा पडदा आणि त्याला चिकटलेली पेशींची एकच रांग, एंडोथेलियम. ही रांग काचेतलं पाणी अखंड उपसून बाहेर टाकते आणि म्हणून काच स्वच्छ राहते. या पेशी एकदा मेल्या की नव्या तयार होत नाहीत. पुढे ज्या चारशेच्या रेघेबद्दल लिहायचं आहे, ती या एका रांगेच्या रक्षणासाठीच आखलेली आहे.

सायकलच्या ट्यूबचं रबर एके ठिकाणी झिजलं की हवा भरताना तिथे फुगा येतो. केराटोकोनसमध्ये असंच होतं. गाभ्यातल्या धाग्यांची पकड सैल पडते, डोळ्याच्या आतला नेहमीचाच दाब तिथे जास्त वाटतो आणि काच शंकूसारखी पुढे येते. बहुधा मध्याच्या जरा खाली. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये या शंकूच्या आकाराच्या काचेवर आख्खा ग्रंथ लिहिला, पण पुढची दीडशे वर्षं डॉक्टरांच्या हातात कडक लेन्स आणि शेवटी प्रत्यारोपण, एवढंच होतं.

कारणांत अनुवंशाचा वाटा आहे, आणि डोळे चोळण्याचाही. भाच्याला लहानपणापासून उन्हाळा लागला की डोळ्यांना खाज सुटायची. घरात त्याला 'डोळ्यांत गर्मी झाली' म्हणायचे, गुलाबपाण्याच्या घड्या ठेवायचे, आणि तो मुठींनी डोळे चोळत बसायचा. ती ॲलर्जी होती. खाजेवर वेळीच औषध सुरू करून चोळणं थांबवणं हा कुठल्याही शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचाही उपचार आहे. चोळणं सुरूच राहिलं तर पुढे सांगणार आहे ते सगळं वाया जाऊ शकतं.

आपल्याकडे हा आजार किती, याचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांच्या गटाने नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तिशीपुढच्या ४,७०० हून अधिक माणसांचे डोळे तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत केराटोकोनसचं प्रमाण २.३ टक्के आलं. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या जुन्या, गाजलेल्या पाहणीत ते लाखात ५४ होतं. दोन्हींची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. नागपूरच्या पाहणीत काचेचं वळण ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रत्येक डोळ्याला केराटोकोनस धरलं होतं, त्यामुळे हे आकडे सरळ शेजारी ठेवून भागाकार करू नये. मला त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो : त्या गावांतल्या माणसांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली. पुस्तकातल्या ५४० पेक्षा पंचवीस-एक मायक्रॉन कमी. म्हणजे मध्य भारतातल्या अनेक डोळ्यांची सुरुवातच रेघेच्या जवळून होते. आजार लागला की ते पाश्चात्त्य डोळ्यापेक्षा लवकर 'पातळ'च्या रकान्यात जातात. पातळ कॉर्नियाचा प्रश्न आपल्यासाठी अपवादाचा नाही.

आता उपचारांकडे येऊ. केराटोकोनसच्या शस्त्रक्रिया तीन वेगवेगळी कामं करतात : आजार थांबवणं, आकार सुधारणं, काच बदलणं. घरची माणसं तिन्ही एकच समजतात. ताईनेही पहिल्याच दिवशी विचारलं, "ऑपरेशननंतर चष्मा जाईल ना गं?" थांबवण्याच्या शस्त्रक्रियेने चष्मा जात नाही, नजर एकदम उजळतही नाही. आहे ते टिकतं. एकोणिसाव्या वर्षी आहे ते टिकणं किती मोठं, हे तिला समजावायला मला दोन दिवस लागले.

थांबवायचं असेल तर आधी तो चालतोय हे कळायला हवं. एका तपासणीवरून ते ठरत नाही. उज्जैन हे वेध घेणाऱ्यांचं गाव. सवाई जयसिंगांनी बांधलेल्या तिथल्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात झाला, तो गोविंद सदाशिव आपटे यांच्या पुढाकाराने. सम्राट यंत्रावरची सावली एकदा पाहून कुणी पंचांग मांडत नाही. कॉर्नियाचंही तसंच. फिरत्या कॅमेऱ्याने काढलेला तो निळा-हिरवा-लाल नकाशा काही महिन्यांनी पुन्हा, शक्यतो त्याच यंत्रावर, कडक लेन्स काही दिवस आधी काढून ठेवून घ्यायचा आणि शेजारी ठेवायचा. शंकूचं सर्वांत उभार वळण वर्षभरात एक डायॉप्टरने किंवा जास्त वाढलं, किंवा सर्वांत पातळ जागा आणखी पातळ झाली, तर आजार चालू आहे असं बहुतेक डॉक्टर धरतात. भाच्याच्या उजव्या डोळ्यात आठ महिन्यांत दोन डायॉप्टरची वाढ होती. विशीच्या आतल्या मुलांत तो वेगाने धावतो, पस्तिशी-चाळिशीकडे बहुधा आपोआप मंदावतो. म्हणून पंचेचाळिशीच्या माणसाचा पातळ पण स्थिर कॉर्निया आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचा तितकाच पातळ कॉर्निया, यांचे उपचार एक नसतात.

थांबवण्याचं तंत्र जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये जन्मलं. थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी २००३ मध्ये त्याचे पहिले रुग्ण प्रसिद्ध केले. मधुमेही माणसांत केराटोकोनस कमी आढळतो, कारण रक्तातली जास्तीची साखर कोलॅजनच्या धाग्यांत आडवे टाके घालून ते कडक करते. या निरीक्षणाने झायलर यांच्या गटाच्या विचाराला बळ मिळालं. साखरेऐवजी त्यांनी जीवनसत्त्व ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन वापरलं. पुढची त्वचा काढायची, पिवळे थेंब अर्धा तास टाकत राहायचं, मग ३७० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा मंद दिवा आणखी अर्धा तास धरायचा. किरण, रायबोफ्लेविन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून धाग्यांमध्ये नवे बंध तयार करतात. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली २०१६ मध्ये, पण आपल्याकडे ते त्याच्या बऱ्याच आधीपासून होतं.

आणि इथेच ती रेघ येते. अतिनील किरण मागच्या पेशींच्या रांगेपर्यंत पोचले तर ती मरते आणि काच कायमची सुजून पांढरी होते. रायबोफ्लेविनने भिजलेला गाभा किरण शोषून घेतो, पण त्यासाठी पुरेशी जाडी लागते. ड्रेस्डेनच्या हिशेबाने ती जाडी ठरली, त्वचा काढल्यानंतर ४०० मायक्रॉन. 'त्वचा काढल्यानंतर' हे दोन शब्द रिपोर्टवर नसतात. भाच्याच्या उजव्या डोळ्याच्या रिपोर्टवर सर्वांत पातळ जागेचा आकडा ४३१ होता. ताईला वाटलं, चारशेच्या वर आहे म्हणजे ठीक. त्वचा वजा केली की उरतात तीनशे ऐंशी-नव्वद. त्यात जुन्या प्रकारचे डेक्स्ट्रानयुक्त थेंब वापरले, तर ते काचेतलं पाणी ओढून घेतात आणि अर्ध्या तासात ती आणखी बरीच पातळ होते. म्हणून पातळ डोळ्यात डेक्स्ट्रानविरहित थेंब वापरतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरही जाडी मधूनमधून मोजत राहतात. ज्यांचा आकडा साडेचारशेच्या आत आहे, त्यांनी 'टेबलावर मोजणार का' हे आवर्जून विचारावं.

रेघेच्या अलीकडच्या डोळ्यांचं काय करायचं, यावर पहिलं उत्तर झ्युरिकच्या फरहाद हाफेझी यांनी २००९ मध्ये दिलं : काच तात्पुरती फुगवा. कमी क्षाराचे, पाणीदार रायबोफ्लेविन थेंब टाकले की गाभा पाणी पितो, जाडी चारशेच्या वर जाते, मग दिवा धरायचा. कल्पना साधी आणि अनेकांना उपयोगी पडली. पण पाण्याने फुगलेल्या गाभ्यात धागे तेवढेच राहतात, फक्त पांगतात. फारच पातळ काच फुगवून केलेलं क्रॉसलिंकिंग पुढे टिकलं नाही, असा अनुभव हाफेझी यांनी स्वतःच नंतर प्रसिद्ध केला. आपल्याच पद्धतीची मर्यादा आपणच छापणाऱ्या संशोधकाबद्दल मला फार आदर वाटतो.

दुसरं उत्तर चेन्नईचं. डॉ. सूसन जेकब, डॉ. अमर अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सांगितलं : काच फुगवू नका, तिच्यावर पांघरूण घाला. अतिनील किरण न अडवणारी रोजच्या वापराची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स रायबोफ्लेविनमध्ये अर्धा तास बुडवायची, त्वचा काढलेल्या काचेवर ठेवायची आणि दिवा वरून धरायचा. लेन्स आणि तिच्या वर-खालचा पिवळा थेंबांचा पापुद्रा मिळून सुमारे शंभर मायक्रॉनचा आधार मिळतो. साडेतीनशे ते चारशेमधला डोळा त्यामुळे रेघेच्या पलीकडे जातो. यातही खोट आहे. लेन्सखाली ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून कडकपणा काहीसा कमी येतो. तरीही कुठल्याही शहरात मिळणारी साधी लेन्स वापरून होणारी ही पद्धत आपल्या देशाच्या गरजेतून आली आहे, हे दिसतं. दिल्लीचे डॉ. महिपाल सचदेव यांनी याच विचाराने लेन्सऐवजी, दुसऱ्या रुग्णाच्या नंबर काढण्याच्या शस्त्रक्रियेत निघालेली मानवी गाभ्याची चकती शंकूवर ठेवून पाहिली. त्वचा संपूर्ण न काढता शंकूच्या माथ्यावर तिचं बेट ठेवणं, किंवा त्वचा तशीच ठेवून सौम्य विजेच्या प्रवाहाने औषध आत ढकलणं, याही वाटा आहेत. पण त्यांचा परिणाम उथळ राहतो, आणि वेगाने धावणाऱ्या मुलांच्या आजारात मला त्या पुरेशा वाटत नाहीत.

तिसरं उत्तर सगळ्यांत सरळ आहे आणि त्याला सर्वांत उशीर लागला. जाडी वाढवायची खटपट कशाला, दिवाच कमी वेळ धरा. हाफेझी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत टेबलावर मोजलेल्या जाडीप्रमाणे प्रत्येक डोळ्याची मिनिटं वेगळी ठरतात. जितकी काच पातळ तितका दिवा कमी, म्हणजे बंध मागच्या रांगेच्या अलीकडेच थांबतात. त्या अभ्यासातले ३९ डोळे २१४ ते ३९८ मायक्रॉनचे होते, आणि वर्षभरानंतर नव्वद टक्के डोळ्यांत आजार स्थिर होता. २१४! कुणाच्या रिपोर्टवर असा आकडा असता, तर पूर्वी त्याला थेट प्रत्यारोपणाच्या यादीत बसवलं असतं. वर्षभराचा काळ छोटा आहे आणि डोळे थोडे आहेत, हे खरं. पण चारशे ही भिंत नव्हती, एका ठरावीक वेळेच्या दिव्यासाठी काढलेली रेघ होती, एवढं यातून नक्की झालं.

भाच्याच्या उजव्या डोळ्याचं क्रॉसलिंकिंग इंदूरला झालं, लेन्सच्या पांघरुणाखाली. पहिले तीन दिवस डोळ्यात वाळू ओतल्यासारखं दुखलं, पाणी थांबेना. हे आधीच सांगितलेलं बरं असतं, म्हणजे घरची माणसं घाबरत नाहीत. त्यानंतर काही आठवडे हलकं धुकं राहतं आणि ते विरत जातं. क्वचित जंतुसंसर्ग होतो, म्हणून वेदना किंवा लाली वाढली तर वाट न पाहता परत जायचं.

दुसरं काम आकाराचं. गाभ्यात अर्धवर्तुळाकार पट्ट्या सरकवून शंकू चपटा करणं ही पद्धत फ्रान्सच्या जोसेफ कोलिन यांनी २००० मध्ये केराटोकोनससाठी मांडली. ब्राझीलच्या पाउलो फेरारा यांनी आपल्या वेगळ्या रिंग बनवल्या. तंबूच्या कडा ताणल्या की मधला फुगवटा उतरतो, तसं हे काम करतं. या पट्ट्या प्लॅस्टिकच्या, कडक. त्या खोलवर, जाडीच्या तीन-चतुर्थांश खाली बसवाव्या लागतात, आणि पट्टी जिथे जाणार त्या वाटेवर साधारण चारशे ते साडेचारशे मायक्रॉन लागतात. इथे 'कुठे पातळ' हा प्रश्न कामी येतो. शंकूच्या टोकाला काच साडेतीनशेची असली तरी पट्टीच्या वाटेवर ती पुरेशी जाड असू शकते. पण तिथेही ती पातळ असेल, तर प्लॅस्टिक हळूहळू वरचा थर झिजवत बाहेर डोकावतं.

यावरचा उपायही डॉ. सूसन जेकब यांनीच २०१८ मध्ये मांडला : प्लॅस्टिकच्या जागी नेत्रदानातल्या कॉर्नियाची पट्टी. दोन पात्यांच्या गोल सुरीने दात्याच्या काचेतून पट्टी कापायची, पुढच्या-मागच्या पेशी काढून टाकायच्या आणि ती गाभ्यातल्या बोगद्यात सरकवायची. ती मऊ, मानवी ऊतीची, त्यामुळे कमी खोलीवर, अर्ध्या जाडीवरही चालते. म्हणजे जिथे प्लॅस्टिक धोक्याचं, तिथे ही बसू शकते. शिवाय ती पातळ काचेत आपली जाडी घालते, काढून काहीच घेत नाही. मागच्या पेशी कमी असल्यामुळे पूर्ण प्रत्यारोपणाला न चालणारी, दानात आलेली काचही इथे वापरता येते. नेत्रदानाची टंचाई असलेल्या देशात ही गोष्ट फार मोठी आहे. लेसरने पृष्ठभाग घासून आकार नीट करण्याचीही एक पद्धत आहे, पण ती आहे त्यातूनच आणखी ऊती उडवते. पातळ डोळ्यात ती नको. आणि लग्नाआधी 'नंबर काढून टाकू' म्हणून लॅसिकला जाणाऱ्या मुलामुलींनी हा नकाशा काढल्याशिवाय टेबलावर झोपू नये. लपलेला केराटोकोनस लॅसिकने उघड होतो आणि बळावतो.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गेरिट मेलेस यांच्या गटाने २०१४ मध्ये आणखी एक वाट दाखवली : दात्याच्या काचेतला फक्त बोमनचा थर, दहाएक मायक्रॉनचा, पातळ गाभ्याच्या मधल्या खिशात पसरायचा. अतिशय उभार शंकू त्यांनी सरासरी आठेक डायॉप्टरने उतरवले आणि प्रत्यारोपण लांबवलं. हात फार तयार लागतो, कारण आधीच पातळ काचेत हाताने खिसा करताना ती फाटू शकते.

भाच्याचा डावा डोळा मात्र या सगळ्याच्या पुढे गेला होता. सर्वांत पातळ जागा ३१८, वळण ७१ डायॉप्टर आणि ऐन मध्यावर वण. कडक लेन्स टिकेना, आणि वणातून कुठलीच लेन्स दाखवू शकत नाही. तिथे तिसरं काम : काच बदलणं.

पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराविआतल्या ओलोमोउत्स इथे, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर केलं. आपल्या देशातल्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणांत गणलं जाणारं १९६० चं डॉ. आर. पी. धंडा यांचं प्रत्यारोपण इंदूरचं, म्हणजे टावर चौकापासून पंचावन्न किलोमीटरवरचं. ताईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा जरा मोकळा झाला. इतक्या जवळ, इतक्या आधी हे झालं होतं.

जुन्या पद्धतीत काच आरपार बदलतात. केराटोकोनसमध्ये त्याचं यश इतर आजारांपेक्षा चांगलं आहे. दहातली नवाच्या आसपास कलमं दहा वर्षांनंतरही पारदर्शक असतात. पण रुग्ण विशी-पंचविशीचा असतो. त्याला ते कलम पन्नास वर्षं हवं असतं, आणि दात्याच्या मागच्या पेशी हळूहळू कमी होत जातात. शरीर कलम नाकारतं, तेव्हा मुख्यतः याच पेशींवर हल्ला करतं. केराटोकोनसमध्ये रुग्णाची ही मागची रांग बहुधा निरोगी असते. मग ती बदलायचीच कशाला? या विचारातून समोरचा गाभा तेवढा बदलणारी खोल पापुद्र्याची शस्त्रक्रिया आली. डॉक्टर तिला डाल्क म्हणतात. मोहम्मद अन्वर आणि क्लाउस टाइखमान यांनी २००२ मध्ये तिची सुबक युक्ती दिली : गाभ्यात खोलवर सुईने हवा सोडायची, की मोठा बुडबुडा होऊन गाभा मागच्या पडद्यापासून आपोआप सुटतो. हरमिंदर सिंग दुआ यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की हा बुडबुडा बहुतेक वेळा डेसेमेटच्या पुढच्या, पंधराएक मायक्रॉनच्या एका चिवट थरामागे नाही तर त्याच्या पुढे होतो आणि तो थर मागच्या पडद्याला बळ देतो.

पातळ कॉर्नियात ही शस्त्रक्रिया जास्त अवघड. तीनशे मायक्रॉनच्या काचेत दोनशे ऐंशीवर सुई थांबवायची आणि पुढे जाऊ द्यायची नाही, असं काम ते. मागचा पडदा फाटला तर त्याच टेबलावर आरपार प्रत्यारोपण करावं लागतं, आणि त्याची संमती आधीच घेतलेली असते. पूर्वी कधी काच अचानक पाण्याने भरून पांढरी झाली असेल, म्हणजे हायड्रॉप्स होऊन गेला असेल, तर मागचा पडदा आधीच चिरलेला असतो आणि बुडबुडा करणं धोक्याचं होतं. हायड्रॉप्सबद्दल एवढंच : तो दिसायला भयंकर असतो, पण त्या क्षणी काच बदलायची घाई नसते. बहुतेक डोळे काही महिन्यांत सुकतात, आणि आत वायूचा बुडबुडा सोडला तर लवकर.

भाच्याचा डाल्क निभावला, पडदा शाबूत राहिला. केसापेक्षा बारीक सोळा टाके घातले. ते दीड-दोन वर्षांत एकेक करून निघतात आणि प्रत्येक टाक्याबरोबर नंबर बदलतो. नजर यायला तेवढा वेळ लागतो, आणि शेवटी चष्मा किंवा कडक लेन्स बहुधा लागतेच. हे त्याने पहिल्या दिवशीच ऐकलं होतं, म्हणून तो चिडला नाही.

त्याच्या डोळ्यात बसलेली काच कुणाची, हे कुणाला सांगत नाहीत. ती कुणाच्या तरी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढलेली होती. कुणीतरी त्या वेळी रडणं बाजूला ठेवून नेत्रपेढीला फोन लावला होता, पंखा बंद केला होता, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवला होता. चष्मा असलेल्या, मोतीबिंदू काढलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाचेही डोळे चालतात, हे ताईला आधी माहीत नव्हतं. आता तिच्या फ्रीगंजातल्या घरी फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी, नेत्रपेढीचा फोन नंबर जाड अक्षरांत लिहून चिकटवला आहे. भाच्याला तो आता उजव्या डोळ्याने पलंगावरून वाचता येतो.